थोरल्या दिराचं नाव

आमच्या वाडीत लग्न ठरलं की मांडव, आचारी आणि वाजंत्री पुरुषांनी बघायची आणि विहिणीची गाणी कौशल्याकाकीने करायची, हे ठरलेलं होतं. विहिणीची गाणी म्हणजे समोर पंगतीला बसलेल्या विहिणीची टिंगल. तिची नथ, तिचं चालणं, तिने आणलेलं रुखवत, काही म्हणजे काही सुटायचं नाही. जिची टिंगल होते तिने हसून घ्यायचं, राग धरायचा नाही, आणि जमलं तर उलट गाणं म्हणायचं, अशी रीत. कौशल्याकाकीचं गाणं झाल्यावर पलीकडच्या बायका सहसा उलट म्हणायच्या फंदात पडत नसत.

काकी चाकणची. तिचे वडील तिथल्या बाजारात कांद्याच्या गोण्या उचलायचे, पण मुलीला त्यांनी चौथीपर्यंत शिकवली. सून म्हणून ती आमच्या वाडीत आली तेव्हा लिहितावाचता येणारी ती एकटीच बाई. तिचे यजमान मारुतराव देहूरोडच्या लष्करी डेपोत कामाला होते, सायकलने जायचे-यायचे. त्यांच्या डब्याला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळलेला असायचा. तो कालचा असो की गेल्या महिन्याचा, तेलाचे डाग पडलेला असो, काकी तो मांडीवर सपाट करायची आणि दुपारी ओट्यावर बायका धान्य निवडायला जमल्या की त्यांना वाचून दाखवायची. अर्धी बातमी डागाखाली गेलेली असली तर ती आपल्या मनाने पुरी करायची. बायकांना ते कळायचं, पण ऐकायला बरं वाटायचं.

गाणं ती मुलाच्या पाटीवर लिहायची. एक शब्द घालायची, पुसायची, दुसरा घालायची. मनासारखं झालं की बायकांना बोलावून म्हणून घ्यायची, आणि सगळ्यांना पाठ झालं की पाटी पुसून मुलाला परत. लिहिताना ती शाळेतलं शुद्ध लिहायची, पण बायकांच्या तोंडी गेलं की ते वाडीचं होऊन जायचं. छप्पन साली संयुक्त महाराष्ट्राच्या सभा पिंपरी-चिंचवडला होऊ लागल्या, तशी ती दर चतुर्थीला चिंचवडला मोरयाच्या दर्शनाला जाताना सभाही ऐकून यायची. मुंबई तिने कधी पाहिली नव्हती, तरी मुंबईवर तिने ओव्या केल्या आणि वाडीतल्या बायका पहाटे त्या म्हणत दळू लागल्या. पुरुष हसायचे. मारुतराव मात्र हसत नसत. डेपोतल्या माणसांना ते मोठ्या अभिमानाने त्या म्हणून दाखवत, असं मागाहून कळलं.

वाडी भोसरीहून दिघीकडे जाणाऱ्या माळावर, सगळी एका भावकीची. म्हणजे वाडीत नांदणारी प्रत्येक बाई दुसरीची जाऊ, नाहीतर सासू, नाहीतर सून. आणि पोलीस पाटील अर्जुनराव हे कुणाचे सासरे, कुणाचे दीर. कौशल्याकाकीचे ते चुलत थोरले दीर. त्यांच्यासमोर तिने कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, आणि त्यांचं नाव तोंडाने घेणं तर कुठल्याच सुनेला शक्य नव्हतं. पाटलाकडे काम असलं तर बायका म्हणत, ‘अंबूच्या घरी विचारा.’ आम्ही वाडीच्या लेकी. आमच्या तोंडी ते नाव चाललं असतं, पण लेकींचं गाणं कोण ऐकतो?

अंबू म्हणजे अर्जुनरावांची बायको, अंबूबाई. कौशल्याकाकी तिला अक्का म्हणायची. काकी नवीन नवरी म्हणून आली तेव्हा चुलीपासून भावकीपर्यंत सगळं तिला अंबूकाकीने शिकवलं होतं. एक बडबडी, एक अबोल, तरी दोघी पाण्याला एकत्रच जायच्या. पाटलाच्या घरी गडी होता, अंबूकाकीला स्वतः हंडा उचलायची गरज नव्हती. ती यायची ती काकीबरोबर घटकाभर बोलता यावं म्हणून.

पाणी होतं जांभळीच्या विहिरीवर. वाडीच्या खाली, माळाच्या उतारावर. त्याच छप्पन साली एका कंपनीने तो माळ घेतला. गोदामं बांधायची होती म्हणे. खांब रोवले गेले, तारा ओढायला सुरुवात झाली आणि एक दिवस बायकांच्या ध्यानात आलं की विहीर तारेच्या आत जाणार. दुसरं पाणी ओढ्यापलीकडे, तेही उन्हाळ्यात आटणारं. पुरुषांनी तालुक्याला अर्ज केले. उत्तर आलं की ती विहीर पडीक आहे, कुणाच्या वापरात नाही, तशी गावातूनच माहिती मिळालेली आहे.

ही माहिती दिली कुणी, याचा वाडीत तर्क चालला होता. कुणी तलाठ्याचं नाव घेई, कुणी शेजारच्या गावाचं. अंबूकाकीने एक दिवस विहिरीवर कौशल्याकाकीला बाजूला घेतलं आणि खरं ते सांगितलं. कंपनीचा माणूस आणि तलाठी त्यांच्या ओसरीवर बसले असताना ती आतून चहा घेऊन आली होती. तिच्या देखत अर्जुनरावांनी सांगितलं होतं की विहीर पडीक आहे. थोरल्या मुलाला कंपनीत चिकटवून घेऊ, असा शब्द त्यांना मिळाला होता. आणि चार दिवसांनी कंपनीच्या माणसाने घरी एक पितळी स्टोव्ह पाठवला. ‘पाटलीणबाई धुरात चहा करतात, बरं दिसत नाही’ असा निरोपही.

‘मी न्हाई हात लावला त्याला,’ अंबूकाकी म्हणाली. ‘फळीवर ठिवलाय. वास मारतो राकेलचा. कौसे, तुझ्यापाशी म्हून बोलले. माझं नाव कुटं काढू नगंस.’

काकीने मान डोलावली. त्या वेळी ते तिने मनापासूनच कबूल केलं होतं. ती मला हे सांगायची तेव्हा इथे आली की थांबायची.

पण खरं कळल्यावर तिला स्वस्थ बसवेना. पुरुषांनी अर्ज करून बघितले होते. भावकीतला माणूस म्हणून अर्जुनरावांना तोंडावर विचारायची कुणाची छाती नव्हती. उन्हाळा तोंडावर आला होता. तिला वाटलं, बायका एकदम बाहेर पडल्या तर होईल काहीतरी, आणि वाडीच्या बायका एकदम बाहेर पडतात त्या फक्त लग्नात. मग लग्नातलंच गाणं करायचं, विहिणीचं. त्यात पाटलाची टिंगल घालायची. हसत हसत बायका येतील, आणि एकदा आल्या की मागे फिरणार नाहीत.

पाटी घेऊन बसली आणि पहिल्याच ओळीला अडली. पाटलाचं नाव घेता येत नव्हतं. थोरल्या दिराचं नाव गाण्यात कसं घालायचं? घातलं तरी ते म्हणणार कोण? वाडीतल्या एकाही सुनेच्या तोंडून ते निघालं नसतं.

त्याच दुपारी मदिनाभाबी आली. मदिनाभाबी भोसरीची मण्यारीण. तिचा नवरा नूरमोहम्मद बाजारात बांगड्यांचं दुकान मांडायचा आणि ती डोक्यावर टोपलं घेऊन वाड्यावस्त्या फिरायची. दिघी, चऱ्होली, पार आळंदीच्या वाटेवरच्या वस्त्यांपर्यंत तिचा फेरा. कौशल्याकाकीची गाणी बाहेर गेली ती तिच्यामुळे. बांगड्या भरताना ती म्हणायची. ‘हात माज्या हातात हाय तवर बाई उठून जातीय कुटं? ऐकावंच लागतंय,’ असं म्हणून ती खळखळून हसायची.

काकीने तिला अडचण सांगितली. मदिनाभाबी हातातली बांगडी तशीच धरून म्हणाली, ‘मंग मी घेते की अर्जुनरावचं नाव. माजा काय दीर लागतो का त्यो? घाला तुमी त्याचंच नाव. पयलं कडवं मी म्हनते, मागचं तुमी सगळ्या म्हना.’

काकीने विचार केला आणि नको म्हणाली. भावकीच्या माणसाची अब्रू परक्या बाईने चव्हाट्यावर काढायची, हे तिला पटेना. माणूस चुकला असला तरी दीर होता, घरचा कर्ता होता. मदिनाभाबीला ते लागलं की नाही कोण जाणे. ती एवढंच म्हणाली, ‘मंग कुनाचं घालनार?’

वाडीत त्या घराचं दुसरं एकच नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. रीतही तीच होती. विहिणीच्या गाण्यात घराला बोलायचं ते बाईच्या नावाने. काकीने पाटीवर लिहिलं:

अंबू गं विहीणबाई, तुझा थाट किती मोठा,
घरात पितळी स्टोव्ह, हंड्यात पाण्याचा तोटा.
अंबू गं विहीणबाई, तुझ्या चहाची आली वाफ,
आमची जांभळीची विहीर केली एका घोटात साफ.

पुढे आणखी कडवी होती, पण लोकांना पाठ झाली ती हीच. स्टोव्ह घालू नये हे तिला सुचलं नाही का? सुचलं होतं. पण गाण्यात वस्तू आली की गाणं चढतं, हे तिला ठाऊक होतं. स्टोव्हच्या जागी तिने दुसरं काही घालून पाहिलं आणि पुसलं. नाव कुठे काढणार नाही असा शब्द दिला होता, तोही आठवत होता. पण तिने मनाशी म्हटलं, मी काही सांगायला जात नाही, हे विहिणीचं गाणं आहे, अक्काला रीत माहीत आहे, ती हसेल. अक्काला आधी सांगायला हवं, असंही तिच्या मनात आलं. आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता ते राहिलं. आणि सांगितलं असतं तर अंबूकाकी नको म्हणाली असती, ही भीतीही होती.

मामलेदार साहेब जागा बघायला येणार अशी बातमी मारुतरावांनी आणली. त्या दिवशी वाडीतल्या झाडून सगळ्या बायका रिकामे हंडे घेऊन तारेपाशी जाऊन बसल्या. मदिनाभाबीने भोसरीच्या बाजूच्या वस्त्यांवरूनही बायका आणल्या होत्या. खांब रोवणारे गडी काम सोडून उभे राहिले. मामलेदार, कंपनीचा माणूस आणि अर्जुनराव गाडीतून उतरले, तसं कौशल्याकाकीने हंड्यावर थाप मारून गाणं सुरू केलं आणि बायकांनी उचललं.

अंबूकाकी तिथे होती. नवऱ्याला न विचारता, कमरेवर स्वतःचा हंडा घेऊन, मागच्या बाजूला येऊन बसली होती. ती येईल असं काकीला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पाटलाची बायको पाटलाविरुद्ध बसायला येते, ही केवढी गोष्ट. गाणं सुरू होऊन ‘अंबू गं’ हे शब्द निघाले आणि काकीने बघितलं तर मागे ती. पण तोंडातून गाणं निघालं होतं आणि वाडीच्या बायका ते वर नेत होत्या. थांबवता आलं नाही. खरं तर तिने थांबवलं नाही.

बायका लोटपोट हसल्या. गडी हसले. मामलेदारही हसले आणि त्यांनी विचारलं, ‘ही अंबू कोण?’ दोन-चार बायकांनी हसतच मागे वळून दाखवलं. तोवर दुसऱ्यांदा स्टोव्हची ओळ आली होती. अर्जुनरावांनी बायकोकडे पाहिलं. घरातल्या फळीवरचा स्टोव्ह बाहेर कुणाला ठाऊक नव्हता. तो गाण्यात आला म्हणजे घरातून गेला, हे कळायला त्यांना वेळ लागला नाही.

अंबूकाकी उठली, हंडा कमरेवर घेतला आणि वाडीच्या वाटेला लागली. भरभर नाही, नेहमीच्याच चालीने. तिच्या मागे बायका तिसऱ्यांदा गाणं म्हणत होत्या.

विहीर मिळाली. मामलेदारांनी स्वतः जाऊन पाणी बघितलं, काठावरच्या दगडात दोरांनी पडलेल्या खाचा बघितल्या आणि पडीक म्हणणाऱ्याला चार शब्द सुनावले. कुंपणाला फाटक ठेवायचं आणि वाट कायम मोकळी ठेवायची असं ठरलं. बायकांनी त्या दिवशी पहिला हंडा भरून मारुतीला घातला. कौशल्याकाकीला सगळ्यांनी उचलून घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. ती मात्र लवकर घरी आली.

दुसऱ्या दिवशी ती पाटलाच्या घरी गेली. अंबूकाकी चूल सोडून जमिनीवर स्टोव्हसमोर बसली होती, पंप मारत होती. स्टोव्ह भकभक करत होता. अर्जुनरावांनी तिला मारलं नव्हतं, शिवीही दिली नव्हती. त्यांनी एवढंच सांगितलं होतं की लोक म्हणतात या घरात स्टोव्हवर चहा होतो, तर आता स्टोव्हवरच व्हायचा. आणि त्या दिवसापासून ते बायकोशी बोलायचे बंद झाले. काही सांगायचं तर मुलाला सांगत. मुलाला कंपनीत मिळायची होती ती नोकरी अर्थात गेली. तोही आईकडे मान वर करून बघत नसे.

काकी दारात उभी राहून म्हणाली, अक्का, माझं चुकलं. अंबूकाकीने स्टोव्ह बारीक केला, चहा गाळला, एक कप तिच्यापुढे ठेवला आणि पाण्याचं काय झालं ते विचारलं. राग नाही, रडणं नाही. पाण्याला मात्र ती पुन्हा कधी आली नाही. गड्याला पाठवू लागली.

काकीला वाटलं, गाण्याने झालेलं गाण्याने निस्तरता येईल. तिने नवं गाणं केलं. त्यात अंबू पाटलाच्या घरात राहून वाडीच्या बाजूने उभी राहते, स्टोव्हला हात लावत नाही, हंडा घेऊन सगळ्यांच्या आधी निघते. मी ते ऐकलं आहे. चांगलं होतं, मनापासून केलेलं होतं. बायकांनी एकदा म्हटलं, दुसऱ्यांदा म्हणायला कुणी तयार होईना. छबूबाई म्हणून आमच्यात एक तोंडाळ बाई होती, ती म्हणाली, ‘ही आरती झाली गं कौशल्या. आरतीला कोन हसतंय?’

तोवर जुनं गाणं कुठच्या कुठे गेलं होतं. मदिनाभाबीने ते म्हणायचं बंद केलं होतं. काकीने सांगितल्याबरोबर तिने एका शब्दाने न विचारता सोडलं. पण तिने ज्यांच्या हातात बांगड्या भरल्या होत्या त्या म्हणतच होत्या. चऱ्होलीला कुणी वाण्याला चिडवायला म्हणे, तळवड्याला कुणी सावकाराला.

मग सत्तावन्नची निवडणूक आली. संयुक्त महाराष्ट्र समितीचे कार्यकर्ते काकीला शोधत वाडीवर आले, तेच गाणं मागायला. चिंचवडच्या सभेत व्यासपीठावरून म्हणायचं. काकीने त्यांना सांगितलं की गाणं देते, पण नाव काढून. त्यांच्यातला एक शिकलेला तरुण होता, तो समजावू लागला. म्हणाला, ‘ताई, आता अंबू ही कुणी एक बाई राहिली नाही. सरकारच्या दारात लाचार झालेली जी जी माणसं, ती सगळी अंबू. तुमचं गाणं केवढं मोठं झालं, बघा.’

काकी म्हणाली, ‘ती माझी जाऊ हाय. हितनं तिसरं घर.’

तरी ती सभेला गेली. संयुक्त महाराष्ट्र व्हावा असं तिला मनापासून वाटत होतं. आणि खरं सांगायचं तर व्यासपीठावर उभं राहून, भोंग्यातून स्वतःचे शब्द एवढ्या माणसांना ऐकवायचे, हेही तिला हवं होतं. कुणाला नको असतं? अंबूच्या जागी तिने ‘पाटलीण’ घातलं होतं. पहिली ओळ म्हणून होते न होते तोच समोरची गर्दी ओरडून ‘अंबू गं’ म्हणू लागली. नाव तिच्या आधी चिंचवडला पोचलं होतं. ती गप्प झाली, आणि तिच्यावाचून गर्दीने गाणं पुरं केलं. टाळ्या तिलाच मिळाल्या. परत येताना मोरयाच्या देवळापाशी ती थांबली, पण आत गेली नाही. पायरीला हात लावून आली.

अंबूकाकीची धाकटी मुलगी चाकणला दिली. अठ्ठावन्न सालचा वैशाख. काकीच्याच माहेरच्या ओळखीतलं स्थळ. काकीने मध्ये पडून जमवून दिलं होतं. तिला वाटलं होतं, तेवढंच आपल्या हातून काही चांगलं होईल. लग्नात काकीने गाणी केली नाहीत. बायकांनी आग्रह केला, तिने घसा बसल्याचं सांगितलं. दोन दिवस ती आचाऱ्यापाशी कांदे चिरत बसली होती.

वरमाईची पंगत बसली. अंबूकाकी तुपाचं भांडं घेऊन वाढत होती. रीतीप्रमाणे चाकणकरणींनी मुलीच्या आईवर गाणी सुरू केली, आणि तिसरं की चौथं गाणं ते निघालं. त्यातल्या निम्म्या बायकांना या विहिणीचं नाव अंबू आहे एवढंच ठाऊक होतं. नावाचं गाणं आयतं मिळालं म्हणून त्या खूश होत्या. उरलेल्यांना सगळं ठाऊक असावं, कारण त्या गाताना एकमेकींना कोपराने ढोसत होत्या.

आमच्या वाडीच्या बायका खाली बघू लागल्या. कौशल्याकाकी चिरलेल्या कांद्याची टोपली तशीच टाकून पंगतीत आली आणि म्हणाली, ‘हे गानं बंद करा. हे माझं हाय, मी केलंय. माझ्या गान्याला मीच नगं म्हंती.’

एका चाकणकरणीने हसत उत्तर दिलं, ‘तुमचं कसं वो? आमी तर न्हानपनापासनं म्हनतोय.’ गाण्याला दोन वर्षं झाली होती, तरी सगळी पंगत हसली. दुसरी म्हणाली, की विहिणीच्या गाण्याचा राग येतो का कुणाला, तुमच्याकडे रीत नाही वाटतं.

आमच्या वाडीचीही रीत तीच होती. अंबूकाकी तुपाची धार न मोडता पंगतभर फिरली. गाणं म्हणणाऱ्या बाईच्या पानातही तिने भरपूर वाढलं आणि म्हणाली, ‘घ्या की विहीणबाई. गळा कोरडा पडंल.’ त्यावर हशा झाला, आणि तो अंबूकाकीच्या बाजूने होता. पण लांब ओसरीवर उभे असलेले अर्जुनराव आत निघून गेले, आणि मुलीला वाटे लावायलाही बाहेर आले नाहीत. नवरी वेशीपर्यंत मागे वळून बघत होती ती बापासाठी.

वऱ्हाड गेल्यावर उन्हं कलती झाली होती. मांडवात पातेल्यांचा ढीग पडला होता. इतर बायका दमून घरोघर गेल्या आणि घासायला दोघीच राहिल्या, अंबूकाकी आणि कौशल्याकाकी. पुढचं मला काकीनेच सांगितलं, पुष्कळ वर्षांनी.

दोघी राखेने भांडी घासत होत्या. मग अंबूकाकीच म्हणाली, ‘गानं झ्याक केलंस गं कौसे. मलासुदिक पाठ हाय. दळाया बसले की तेच तोंडात येतंय. किती येळा म्हंते, दुसरं म्हनावं. येतच न्हाई दुसरं.’

काकी रडू लागली. अंबूकाकीने तिला रडू दिलं. मग म्हणाली, ‘एक सांगू? त्या दिवशी मी हंडा घिऊन आले, ती मनाची तयारी करून आले व्हते. आता घरात काय व्हईल ते व्हवो म्हनलं. तू आदल्या दिशी येऊन म्हनली असतीस, अक्का, तुझं नाव घालू का, तर मी व्हय म्हनले असते. पान्यासाठी घाल म्हनले असते. मंग ते माझं असतं. तू इचारलंच न्हाईस.’

अंबूकाकीने मोठ्या पातेल्याचा एक कान धरला, दुसरा धरायला तिला खूण केली, आणि दोघींनी ते उचलून आत नेऊन ठेवलं.

त्यानंतर काकी सभांना गेली, मोर्चात चालली, वर्तमानपत्र वाचून दाखवायचं तर शेवटपर्यंत सुटलं नाही. पण गाणं तिने केलं नाही. बायका मागत राहिल्या, मग मागायच्याही थांबल्या. मदिनाभाबी यायची, बांगड्या भरायची आणि मुकाट्याने टोपलं उचलून पुढे जायची. अर्जुनराव गेले ते बायकोशी न बोलताच गेले. आमच्या बायकांना पाणी मिळालं ही देवाची कृपा. ते पाणी मीही प्यायले आहे. पण गाणं पाटीवर उतरलं त्या दुपारी पाटलाच्या घरापर्यंत चार पावलं चालून जायला काकीला कुणी अडवलं नव्हतं, हे तिच्या मनातून गेलं नाही, आणि तिला ओळखणाऱ्या आमच्या मनातूनही जात नाही.